सिनेमात शाळा आली की उठणारा माणूस

माझ्या आतेभावाने आयुष्यात एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही, आणि याचा दोष सिनेमावाल्यांचा नसून आमच्या शाळेचा आहे. एका नायकाने वीस गुंडांना लोळवलं तरी हा गृहस्थ खारे शेंगदाणे खात शांतपणे बघतो. भुताखेतांबद्दलही त्याची काही तक्रार नसते. पण पडद्यावर शाळेची घंटा वाजली, युनिफॉर्ममधली पोरं दिसली, की तो ताठ होतो, शेंगदाण्यांची वाटी बाजूला सारतो आणि रिमोट ताब्यात घेतो. त्यानंतर जे चालतं त्याला सिनेमा पाहणं म्हणत नाहीत, उलटतपासणी म्हणतात. चित्र थांबवून तो टीव्हीपाशी जातो, काचेवर बोट ठेवतो आणि आम्हा सगळ्यांना विचारतो, "हा पोट्टा दहावीत हाय? याची दाढी पाहा. याचंच पोट्टं दहावीत असन!" आम्ही दोघं एका वयाचे. देऊळघाटच्या पुढच्या आमच्या खेड्यातल्या हायस्कुलात एकाच बाकावर बसून दहावी झालो आणि आता खामगावात दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतो. तो कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून आहे. रविवारी दुपारी मी त्याच्याकडे टीव्ही पाहायला जातो, असं माझ्या घरी सगळे समजतात. खरं म्हणजे मी त्याला टीव्ही पाहताना पाहायला जातो.

त्याच्या हरकती ऐकण्यासारख्या असतात. सिनेमातल्या शाळेत एका बाकावर एकच पोरगा ऐसपैस बसलेला दिसला की त्याचा जीव जळतो, कारण आमच्या बाकावर आम्ही चौघं होतो आणि कडेचा चौथा हा असायचा, अर्धा बाकावर आणि अर्धा हवेत. कॅन्टीनवर तर त्याचा विशेष राग. आमच्या शाळेची कॅन्टीन म्हणजे फाटकाबाहेर टोपलीत बोरं घेऊन बसणारी एक बाई, आणि तीसुद्धा हेडमास्तर दिसले की टोपली उचलून पळायची. एखादी नायिका मोकळे केस उडवत वर्गात शिरली की हा कळवळतो, "हिच्या वेण्या कुठं गेल्या? रिबिनी कुठं गेल्या? फाटकातून आत काऊन येऊ देलं हिले?" सिनेमातल्या गुरुजींना एकच वर्ग आणि एकच विषय असतो, आणि उरलेल्या वेळात ते मुलांना आयुष्याबद्दल सांगतात. आमच्या सरांकडे गणित, भूगोल, कवायत, जनगणना आणि गावची मतदार यादी एवढं सगळं होतं. आयुष्याबद्दल सांगायला त्यांना सवड कुठली?

एकदा वाढदिवसाला वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला हट्टाने थिएटरात नेलं. मीही बरोबर होतो. सिनेमात पोलीस आणि स्मगलर होते, त्यामुळे पाऊण तास सुखात गेला. मग अचानक नायकाला शाळा आठवली. शाळेच्या पायऱ्यांवर एक मुलगा आणि एक मुलगी एका डब्यात जेवत होती आणि हसून बोलत होती. हा तडक उभा राहिला आणि भरल्या थिएटरात ओरडला, "असं नव्हतं हो! असं कुठीच नव्हतं!" चहूकडून "बस बे खाली" असा गलका झाला. मागच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई मात्र म्हणाल्या, "बरोबर बोलून राह्यले ते. फक्त जरा हळू बोला, भाऊ." वहिनींनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. त्या सिनेमातला स्मगलर पकडला गेला की नाही हे त्यांना अजून माहीत नाही, आणि त्याची त्यांना मनापासून रुखरुख आहे.

दाढी, वेण्या, कॅन्टीन हे सगळं तो दुसऱ्या दिवशी विसरतो. पण शाळेतला मुलगा आणि शाळेतली मुलगी बोलताना दिसली की ते त्याला आठवडाभर पुरतं. यामागचं कारण समजायचं तर आमचा वर्ग डोळ्यांपुढे आणायला हवा. दारातून आत आलं की डावीकडे मुली, उजवीकडे मुलं, आणि मध्ये हातभर रुंदीची एक मोकळी वाट. त्या वाटेवरून फक्त सर चालायचे. एखाद्या मुलीचा पेन घरंगळत आमच्या बाजूला आला, तर तो शिपाई झाडू घेऊन येईपर्यंत तिथेच पडून राहायचा. उचलून द्यावा असं प्रत्येकाला वाटे आणि कोणी उचलत नसे. कारण बोललं की दुसऱ्या दिवशी दोघांची नावं मुतारीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली असत, आणि मग त्या मुलीच्या घरी तिची शाळा बंद करायची चर्चा सुरू होई. तेव्हा आठवी ते दहावी आम्ही एका खोलीत बसलो, एकाच फळ्याकडे पाहिलं, एकाच माठातलं पाणी प्यालो आणि एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. यात कुणाला काही विशेषही वाटलं नाही.

माझ्या आतेभावाला वाटलं. आमच्या वर्गात एक मुलगी रोज प्रार्थना सांगायची. ती पुढे उभी राहून एक ओळ म्हणे, मग सगळी शाळा तीच ओळ म्हणे. हा तिच्या ओळीला जिवाचा कान करी आणि सगळ्यांच्या ओळीला गप्प बसे. प्रार्थनेला ओठ हलत नाहीत म्हणून त्याने छड्या खाल्ल्या, पण कारण माझ्याशिवाय कोणाला सांगितलं नाही. दहावीनंतर तिचं लग्न होऊन ती अकोल्याकडे गेली, एवढंच कळलं. याला प्रेम म्हणावं की नाही, हे मी कधी ठरवलं नाही आणि त्याला विचारलंही नाही.

मागच्या वर्षी त्याची मुलगी दहावीत होती. एका रविवारी तिच्या वर्गातला एक मुलगा सायकलवरून आला, फाटकाशी उभा राहून तिच्याशी पाच मिनिटं बोलला आणि गेला. हा खिडकीतून पाहत होता. ती आत आल्यावर त्याने शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं, "काय बोलला तो?" ती म्हणाली, "काही नाही बाबा, गणिताचं." बस, एवढंच. मी पुढे दोन तास तिथे होतो. हा मधूनमधून मान हलवी आणि स्वतःशीच म्हणे, "गणिताचं!" त्या आवाजात राग नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा लक्षात आलं की सिनेमे खोटं दाखवतात म्हणून हा माणूस चिडत नाही. ते खोटं आपल्या वाट्याला आलं नाही म्हणून चिडतो. आणि खरं सांगायचं तर ते माझ्याही वाट्याला आलं नव्हतं, कारण बाकावर त्याच्या शेजारी मीच होतो.

अशात आमच्या बॅचचा स्नेहमेळावा ठरला. हल्ली सगळ्याच बॅचचे होतात. फोनवर ग्रुप निघाला, सकाळ-संध्याकाळ गुलाबाची चित्रं येऊ लागली आणि बेत सुरू झाले. बहुतेकांना मेळावा सिनेमासारखा हवा होता. फाटकापासून लाल गालिचा, डीजे, वरून उडतं कॅमेरायंत्र, सगळ्यांनी एकसारखे गॉगल लावून चालत येणं वगैरे. माझा आतेभाऊ खवळला. "शाळा म्हंजे शाळाच पाह्यजे! जशी होती तश्शी!" असा मोठा मजकूर त्याने ग्रुपवर टाकला, आणि सगळं मीच करतो असं म्हटल्यावर सगळ्यांचा विरोध मावळला. खर्च आणि धावपळ दुसरा करत असेल तर आमचे वर्गमित्र तत्त्वाला फार धरून बसत नाहीत.

एका संध्याकाळी त्याने मला जिनिंगमध्ये बोलावून घेतलं. कपाशीच्या ढिगाआड नेऊन म्हणाला, "ते येऊन राह्यली." कोण, हे विचारायची गरज नव्हती. "मले काही नको बे. फक्त एवढंच इचाराचं हाय, कशी हायेस. तीन वर्सं एका खोलीत बसलो, मानसानं इचारू नाही का?" वहिनींना त्याने हे आधीच सांगितलेलं होतं. बायकोपासून तो काही लपवत नाही. वहिनी म्हणाल्या, "इचारून टाका एकदाचं. म्हंजे माह्या मालिका तरी पूर्ण होतीन." मग आठवडाभर तालीम चालली. 'कशी हायेस' म्हटलं तर सलगी होते, 'कशा आहात' म्हटलं तर बँकेत आल्यासारखं वाटतं. शेवटी आयत्या वेळी तोंडाला येईल ते म्हणायचं असं ठरलं.

मेळाव्याचा दिवस त्याने खरोखर उत्तम उभा केला. निंबाला रुळाचा तुकडा टांगून टोल दिला. आमचे वर्गशिक्षक आता थकलेत, त्यांना खुर्चीवर बसवून आणलं आणि हातात छडी दिली. सरांनी नखं तपासली. टकलं पडलेली, पोटं सुटलेली माणसं दोन्ही हात पुढे करून रांगेत उभी होती, आणि एका माजी सरपंचाला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने लाल झालेल्या बोटांबद्दल एक छडी बसली. तो इतका खूश झाला की त्याने दुसरी मागून घेतली. मग प्रार्थना. ती पुढे आली. केस पिकलेले, चष्मा, आवाज जरा जाड झालेला, पण ओळ संपताना तीच किंचित लांबवण्याची लकब. आतेभाऊ गप्प उभा होता आणि सगळे म्हणत असताना त्याचे ओठ मिटलेले होते. मला शाळा कधीच फारशी आवडली नव्हती. त्या क्षणी मात्र ती मला परत हवी होती, छड्यांसकट.

इथवर सगळं छान होतं. मग आम्ही वर्गात गेलो. त्याने बाक जसे होते तसेच लावले होते. डावीकडे मुली, उजवीकडे मुलं, मध्ये हातभर वाट. फाटकाशी "ओळखलं का", "किती बदलली गं", "मुलं काय करतात" असा गलबला करणारी ही सगळी मंडळी आपापल्या जुन्या जागी जाऊन बसली आणि एकदम चूप झाली. ग्रुपवर रोज गुलाब पाठवणारेही चूप. मुलं मुलांशी कुजबुजत होती, बायका बायकांशी. एका बाईंच्या चष्म्याची डबी घरंगळून आमच्या बाजूला आली. बँकेत मॅनेजर असलेला आमचा मित्र डबीकडे पाहत बसला, पण उचलेना. शेवटी सरांनी खुर्चीतून छडीने ती ढकलून परत पाठवली. आतेभाऊ माझ्या शेजारी कडेला बसला होता. त्याचा चेहरा उतरला. "हे काय झालं बे?" तो कुजबुजला.

"शाळा झाली," मी म्हणालो.

जेवणंही तशीच झाली. आम्ही निंबाखाली, बायका व्हरांड्यात. रोडगे आणि वांग्याची भाजी फक्कड होती, पण आतेभावाचं लक्ष पानात नव्हतं. त्याने मठ्ठ्याचा जग उचलला आणि व्हरांड्याकडे निघाला. एकेकीला वाढत तिच्यापाशी पोचला. ग्लास अर्धा भरला तशी तिने वर हात धरला. हा परत आला तो लाल होऊन. "बोलली," म्हणाला. मी विचारलं, काय? "बस, म्हनली." मी हसलो नाही, याचं श्रेय मला कोणीतरी द्यायला हवं.

ऊन कललं तशा गाड्या निघू लागल्या. वहिनी स्वयंपाकावर लक्ष ठेवायला आल्या होत्या. हात धुता धुता त्यांची आणि तिची हापशीवर गाठ पडली आणि त्या दोघी, ज्यांनी एकमेकींना आधी कधी पाहिलंही नव्हतं, चांगल्या अर्धा तास बोलत बसल्या. परत आल्या त्या हसत. "तुमच्याबद्दल इचारत होत्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "म्हने, तुमचे मिस्टर वर्गात कधी तोंडच उघडत नव्हते. इतका अबोल मानूस, घरी तरी बोलतात का?" मला हसू आवरेना. सगळ्या खामगावात ज्याचं तोंड बंद करायला वहिनींना त्याला थिएटराबाहेर काढावं लागलं, तो माणूस एका बाईच्या आठवणीत तीन वर्षं मुका उभा होता. तो मात्र हसला नाही. वहिनीही मग हसायच्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "जा ना. गाडी निघून राह्यली त्याईची."

तो गेला. मी दोन पावलं मागे होतो. गाडी तिचा मुलगा चालवत होता आणि ती मागच्या सीटवर होती. माझा आतेभाऊ सरळ पुढच्या खिडकीशी गेला आणि त्या पोराला रस्ता सांगू लागला. घाटात कुठे काम चालू आहे, कुठे वळण अवघड आहे, कुठे रानडुकरं आडवी येतात, चहा कुठे घ्यावा आणि कुठे घेऊ नये. पोरगा "हो काका, हो काका" करत होता. सांगण्यासारखं सगळं संपलं. तेव्हा मागची काच खाली आली आणि ती म्हणाली, "तुम्ही बरे आहात ना?"

त्याने गाडीच्या टपावर हात ठेवला. तोंड उघडलं. मी वाट पाहत होतो, वहिनी दुरून वाट पाहत होत्या. ती पण जरा थांबली. त्याने नुसती मान हलवली, दोनदा, आणि हात काढून घेतला. गाडी धूळ उडवत गेली.

आम्ही तिघं बोथ्याच्या घाटाने परत निघालो. मग वहिनींनी विचारलं, "काय म्हनल्या त्या?"

"बरे आहात ना, म्हने."

"मंग तुम्ही काय म्हनले?"

तो खिडकीतून बाहेरच्या सागाच्या झाडांकडे पाहत राहिला. "मी इचारीन म्हनत होतो ते तिनंच इचारलं," तो म्हणाला. "मले का मालूम होतं, तिलेबी इचाराचं असन."