पोटात तेल, अंग कोरडं

माझ्या सासऱ्यांची स्वतःची ओळख करून द्यायची पद्धत अशी होती की समोरच्याचा घास घशातच अडकावा. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तो मुलगी बघायला. आई, थोरले काका आणि मी, असे तिघं एसटीनं नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचलो होतो. पोहे आले होते, मुलगी अजून यायची होती. काकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "आपलं काय चालतं?"

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला तो उंच माणूस म्हणाला, "पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. पण आधी एक सांगतो, मागून कळायला नको. मोंढ्याच्या मागं दालमिल हाय. तिथल्या एलिवेटरची चेन तुटली होती. ती माझ्यामुळं तुटली." आणि त्यांनी खिशातून एक तुटकी लोखंडी पिन काढून काकांच्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली.

परतीच्या एसटीत काकांनी तिकिटं खिशात घातली. मग म्हणाले, "पोरगी छान आहे. बापाचा एखादा नट ढिला दिसतोय." मुलगी मला मनापासून आवडली होती, त्यामुळे मी नटाचा विषय वाढवला नाही. लग्न झालं. सुनीताचे वडील ते माझे मामा झाले आणि मी त्यांचा जावईबापू.

त्या पिनीची गोष्ट मी पुढं इतक्यांदा ऐकली की मला ती पाठ आहे. मामा डिप्लोमा झालेले, त्या दालमिलमध्ये यंत्रांची सगळी देखभाल त्यांच्याकडे. एलिवेटर म्हणजे डबे लावलेली उभी चेन. खालच्या खड्ड्यातली तूर डब्यांत भरून ती वरच्या मजल्यावर नेऊन टाकते. मिलमध्ये हवेत सतत बारीक चुनी, म्हणजे डाळीचा भुसा, उडत असते. चेनीला वरून तेल घातलं की ही चुनी त्या तेलाला चिकटते, तिचा लगदा होतो आणि तोच लगदा चेन घासत बसतो. तेल पाहिजे असतं आत, कड्या जोडणाऱ्या पिनींजवळ, आणि तिथं ते पोचतच नाही. मामांनी डोकं लढवलं. प्रत्येक पिनीच्या पोटात उभं भोक पाडलं, त्याला मधोमध आडवं बारीक भोक जोडलं. पिनीच्या पोटात तेल भरून ठेवायचं, ते हळूहळू आतूनच पाझरेल.

चेन लोण्यासारखी चालायला लागली. मामांनी मिलभर पेढे वाटले. "त्या टायमाला मी जमिनीवर चालतच नव्हतो," असं ते स्वतःच सांगायचे. आणि ऐन तुरीच्या हंगामात एका दुपारी एक पिन बरोबर त्या आडव्या भोकापाशी तुटली. डब्यांसकट अख्खी चेन खाली कोसळली. खाली खड्ड्याच्या तोंडाशी गंगाबाई नावाची बाई सांडलेली तूर झाडत होती. तिचा उजवा हात चेनीखाली सापडला. हात राहिला, पण बोटं पुन्हा कधी वळली नाहीत.

मामांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. त्यांना कुणी काढलं नव्हतं. शेठ उलट म्हणाले होते, यंत्र आहे, तुटतं. पण मामांना ते वाक्य सहन झालं नाही. "यंत्र न्हाई तुटलं. तेलाला जागा करायची म्हणून मी पिनीची ताकदच कोरून काढली. ज्याला द्यायचं त्यालाच पोखरलं," असं ते म्हणायचे. तेव्हापासून पिन खिशात आणि गोष्ट तोंडात. नवीन माणूस भेटला की आधी पिन, मग नाव. भाजीवाला, बँकेतला साहेब, एसटीत शेजारी बसलेला माणूस, कुणीही सुटला नाही.

मला त्याची भयंकर लाज वाटायची, हे सरळच सांगतो. मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. आमच्याकडची माणसं मोजूनमापून बोलणारी. माझ्या घराच्या वास्तुशांतीला प्राचार्य येणार होते, म्हणून आदल्या दिवशी मी मामांना बाजूला घेतलं आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो, "मामा, उद्या ते चेनीचं काही काढू नका." मामा म्हणाले, "हाव हाव, बरोबर हाय तुमचं." दुसऱ्या दिवशी ते दिवसभर मांडवाच्या एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. प्राचार्यांनी नमस्कार करून विचारलं, "आपण काय करायचात?" मामांनी हात खिशाशी नेला, माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. "काही न्हाई," म्हणाले. मी जिलबीचं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि उगाचच तिथं उभा राहिलो.

एवढं सगळं असून माणूस रडका नव्हता. अधिक महिन्यात जावयाला धोंडे जेवायला बोलावतात, तसं मला बोलावलं होतं. मी मोटारसायकलवरून गेलो. आंघोळ करून बाहेर येतो तर माझ्या गाडीची चेन जागेवर नाही. ती अंगणात, स्टोव्हवर, सासूबाईंच्या अनारशांच्या कढईत होती. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अहो, जावई धोंडे खायला आलेत आन् तुम्ही त्येंच्या गाडीची चेन तळून राहिलात?"

"तळून न्हाई राहिलो, तेल पाजून राहिलो," मामा कढईवरची नजर न हलवता म्हणाले. "जावईबापू, बुडबुडे बघा. ही आतली हवा बाहेर निघून राहिली. आता आच बंद करायची आन् गप बसायचं. थंड होताना तेल आपसूक आत शिरतं. कुठं भोक पाडायची गरज हाय का? जागा असतीच. तिच्यातली हवा तेवढी काढायची."

मग त्यांनी चेन बाहेर काढून जुन्या धोतराच्या फडक्यानं इतकी पुसली की हाताला डागसुद्धा लागेना. "पोटात तेल, अंग कोरडं," म्हणाले. "वरून चिकट राहिली की धूळ धरती." अनारसे त्या दिवशी शेजारच्यांच्या कढईत झाले. गाडीची चेन मात्र पुढं कितीतरी महिने कुरकुरली नाही.

हे वाक्य त्यांनी नंतर सगळीकडे चालवलं. माझ्या आईचं दुखणं वाढलं तेव्हा मी सुनीताला नोकरी सोडायला सांगायच्या बेतात होतो. ती तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवायची. मामांना कळल्यावर त्यांनी फोन केला. "आईला आराम मिळालाच पाहिजे, हाव. पण त्यासाठी पोरीच्या आयुष्याला भोक पाडू नका. दुसरीकडून जागा काढा." मला राग आला. दोन दिवस मी धुसफुसलो आणि मग आईजवळ दिवसभर थांबायला एक बाई ठेवली. सुनीताची नोकरी राहिली.

एकदा मी सुनीताला म्हणालो, "तुझे वडील साऱ्या जगाला ती चूक सांगत सुटतात. इतकं मोठं मन माझ्याच्यानं व्हायचं नाही." त्या दिवसांत मला त्यांचं जरा कौतुक वाटायला लागलं होतं. सुनीता भाजी निवडत होती. ती म्हणाली, "साऱ्या जगाला सांगतात. गंगाबाईला न्हाई सांगितलं अजून. तिच्या गल्लीतून जातसुद्धा न्हाईत. कामाला निघाले तरी गंजगोलाईच्या अख्ख्या बाजाराला वळसा घालतात." म्हणजे ती पिन जिला दाखवायची तिला सोडून सगळ्या लातूर जिल्ह्याला दाखवून झाली होती.

मग मिलच्या जुन्या शेठांचा मुलगा, कैलासशेठ, एक दिवस मामांकडे आला. चेनी अजूनही झिजतच होत्या. कुणाकडून तरी त्याला कढईची गोष्ट कळली होती. मामा म्हणाले, "मी फाटकाच्या आत येणार न्हाई. चेन इकडं पाठवा." शेठ म्हणाला, "एवढी लांब चेन अशी कशी पाठवू, काका? मिल बंद असती ती खंडेनवमीला. त्याच दिवशी खाली उतरवता येईल. तुम्हीच यायला पाहिजे."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं, यंत्रं धुऊन पुसून पूजेला मांडतात. त्या दिवशी चाक फिरत नाही. मामांना नाही म्हणायला जागा उरली नाही, पण एकट्यानं जायची हिंमतही होईना. त्यांनी मला नांदेडहून बोलावून घेतलं. "काहील धरायला माणूस लागतो," असं कारण दिलं. गूळ करायची मोठी काहील त्यांनी चाकूरजवळच्या एका गुऱ्हाळावरून आणली होती. ती धरायला मिलमध्ये हमाल भरपूर होते, हे मला दिसत होतं. तरी मी गेलो.

फाटकातून आत शिरताना मामांनी माझ्या मनगटाला धरलं होतं. सकाळभर त्यांनी मान वर केली नाही. चेन धुतली, वाळवली, काहिलीत कोमट तेलात सोडली. बुडबुडे यायला लागले. "धूर निघता कामा न्हाई," एवढंच ते अधूनमधून म्हणत होते. पिनी सगळ्या भरीव, एकीलाही भोक नाही. तेवढ्यात आरतीचं ताट घेऊन एक म्हातारी बाई आली. ताट डाव्या हातावर पेललेलं होतं. उजवा हात पदराखाली.

मामा उठून उभे राहिले. त्यांचा हात खिशाकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या साहेब," गंगाबाई म्हणाली. "ती पिन म्हाईत हाय मला. माझ्या भावकीला दावली, माझ्या जावयाला दावली, पार उदगीरच्या पाव्हण्यानं मला इचारलं की तूच का ती म्हणून. समदं गाव तुमचं कौतुक करतंय, लई खरा माणूस म्हणून. माझा हात कसा हाय, हे इचारायला मातुर तुम्ही एकदाबी आला न्हाईत."

कैलासशेठ उगाच फोनमध्ये बघू लागला. मामांचा चेहरा असा उतरला की मी दुसरीकडे पाहिलं. मला वाटलं, आता भोक, ताकद, आडवं, उभं, सगळं सुरू होईल. पण ते पिनीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

"चुकलं माझं, मावशी," ते म्हणाले. मग तिच्या पदराकडे बघत, "हात कसा हाय?"

"थंडीत ठणकतो," ती म्हणाली. तिनं हात पदराबाहेर काढला. मामांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि मान खाली घालून रडले. तिनं हात सोडवून घेतला नाही. ताट मीच घाईनं धरलं, नाहीतर ते पडलं असतं.

नंतर चेन वर चढवल्यावर तिनं डाव्या हातानं तिला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "आता न्हाई ना तुटायची?"

"तुटणार न्हाई असं न्हाई म्हणत," मामा म्हणाले. "मी येऊन बघत जाईन."

आणि ते जात राहिले. दर गुरुवारी मिल, चेनीला कान लावायचा, मग फाटकाशी डाळ निवडत बसलेल्या गंगाबाईजवळ जरा टेकायचं. तिला ठणक्यावर लावायचं तेल सासूबाई करून द्यायच्या. मामांनी पिन खिशात ठेवणं बंद केलं. नवीन माणसाला ते आता नुसतं नाव सांगायचे आणि त्याचंच क्षेमकुशल विचारत बसायचे. गेल्या पावसाळ्यात ते गेले. गंगाबाई दहाव्याला आली, सासूबाईंजवळ बसली आणि निघून गेली.

यंदा खंडेनवमीला मी नांदेडहून एकटाच निघालो. सुनीतानं जुन्या धोतराची फडकी बांधून दिली होती. कैलासशेठनं मिलवर नवा मॅनेजर ठेवलाय, पुण्याकडचा, मोजूनमापून बोलणारा. मी बाह्या सारून काहिलीपाशी बसलेलो पाहून त्यानं विचारलं, "आपण कोण?"

ग्रंथपाल म्हणून सांगता आलं असतं. ते तोंडाशी आलंही होतं. फाटकापाशी गंगाबाई सूप खाली ठेवून इकडे बघत होती.

"ही चेन ज्यांच्यामुळं तुटली होती ना," मी म्हणालो, "त्यांचा मी जावई."