आईच्या वाटची भाकर

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची भाकर बाजारातून येत नाही, आमच्या स्वयंपाकघरातून जाते. महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रत्येकाला भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षारसाचा एक घोट मिळतो. वर्ध्यात द्राक्षारस कुठून आणायचा? म्हणून आई आदल्या दिवशी काळ्या मनुका उकळायची, कुस्करायची आणि धुतलेल्या फडक्यातून गाळायची. भाकर म्हणजे गव्हाची जाडसर पोळी, बिनमिठाची, मंद आचेवर भाजलेली. मग सुरीनं तिचे नखाएवढे तुकडे करायचे. मला आठवतं तेव्हापासून हे काम आईचंच होतं. तिला विसर पडायला लागला तेव्हा ते माझ्याकडे आलं. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे माझे तुकडे अगदी चौकोनी येतात. आईचे वेडेवाकडे असायचे.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं.

आई हिंगणघाटकडच्या एका शेतकरी घरातली. नर्सिंग शिकायला बाहेर पडली, तिथे तिला येशू कळला आणि तिनं बाप्तिस्मा घेतला. ते सांगायला घरी गेली तर तिच्या वडिलांनी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. लग्नाला माहेरचं कोणी नव्हतं, माझ्या जन्माच्या वेळीही कोणी फिरकलं नाही. तिनं त्याचं रडगाणं कधी गायलं नाही. चर्चमध्ये आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभी राहिली की एवढंच म्हणायची, "एक घर गेलं, दुसरं भेटलं." मंडळी माना डोलवायची. मान डोलवायला काय लागतं!

म्हातारपणी तिच्या डोक्यातून सगळं उलट्या क्रमानं गळत गेलं. आधी वर्ध्याच्या नालवाडीतलं हे घर गेलं, मग माझे वडील, मग मी, मग येशू. उरली ती हिंगणघाटची परकर-पोलक्यातली पोरगी. शेजारच्या काकूंचा भाजीचा मळा आहे. संध्याकाळी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून झाल्या की काकू हातपाय धुऊन तुळशीपाशी दिवा लावतात. आई कुंपणापाशी जाऊन उभी राहायची. काकूंना 'माय' म्हणायची. "माय, दिवा लावला का वं?" म्हणत आत जायची, हात जोडायची आणि कपाळ पुढं करायची. काकूंनी पहिल्यांदा कुंकू लावलं त्या दिवशी स्वतःच येऊन मला सांगून गेल्या.

"बाई, तुमच्यात चालत नाई मले मालूम हाय. पन तिनं लेकरावानी कपाळ पुढं केलं. मी नाई कशी म्हनू?"

मी म्हटलं, लावत जा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या आणि म्हाताऱ्या माणसांकडे उपासना संपल्यावर चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, आणि मंडळीतले एक वडीलधारे घरी येऊन भोजन देतात, अशी आमच्याकडे रीत आहे. आईला सगळ्याचा विसर पडला, पण हा रविवार काही ती विसरली नाही. कोण येणार, कशासाठी येणार, तिला सांगता यायचं नाही. पण मी आदल्या दिवशी मनुका उकळल्या की तो वास तिच्या नाकात शिरायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन खाटेवर बसून राहायची. तोंडात तुकडा पडला की पदर खाली घ्यायची.

एकदा पाळकांबरोबर येणारे ते मंडळीतले काका मधल्याच एका दिवशी संध्याकाळी विचारपूस करायला आले. नेमकी आई तुळशीपुढं होती, कपाळावर कुंकू. काकांनी चहा अर्धाच प्यायला. त्यानंतर आलेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणीच आलं नाही. आई दुपार कलेपर्यंत पदर घेऊन बसली. जेवायला उठेना. "कोनी येनार हाय," एवढंच म्हणत राहिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच पाळकांच्या घरी गेले. काका तिथेच बसलेले होते.

पाळक शिकलेले, मवाळ बोलणारे. त्यांनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि मग समजावायला लागले. तारण, म्हणजे पापातून सुटका, ही देवाची देणगी आहे, पण ती जपावी लागते. शेवटपर्यंत विश्वासात टिकतो तोच तरतो. माणूस जुन्या दैवतांकडे वळला तर मिळालेलं तारण गमावून बसतो. "अशा स्थितीत भोजन देणं म्हणजे तिच्यावरच दोष आणणं आहे, ताई. आम्ही तिच्या भल्यासाठीच थांबलो."

मी काकांकडे पाहिलं. मला त्यांचा भरवसा होता. कारण पाळकांनी असा संदेश दिला की हेच काका बाहेर चहाच्या वेळी छाती पुढं काढून त्यांना खोडून काढायचे. तारण एकदा दिलं की देव परत घेत नाही, त्याच्या हातातून कोणी ओढून नेऊ शकत नाही, आपण पडलो तरी तो धरून ठेवतो. किती वर्षं ऐकलंय मी हे! दोघांचा वाद इतका रंगायचा की पोरं चहा संपवून घरी जायची. मला वाटलं, आता काका बोलतील.

काका बोलले. "एकदा भेटलं ते जात नाई, हे माहं मत आजबी कायम हाय, बेटा. पन ज्याले खरंच भेटलं तो असा मांघारी फिरत नाई. म्हून मले वाटते, तुह्या आईले ते भेटलंच नसन."

भेटलंच नसेल! बापाचं घर सोडून आलेली बाई. ह्यांच्या तीन पिढ्यांना तिनं भाकर भाजून घातली. आणि काका चहाचा कप खाली न ठेवता तिचं अख्खं आयुष्य पुसून मोकळे झाले. एकाच्या मते तिनं हरवलं, दुसऱ्याच्या मते तिच्याकडे कधी नव्हतंच. जन्मभर एकमेकांशी भांडणारे हे दोघे माझ्या आईला दाराबाहेर ठेवताना मात्र एकमतानं बसले होते.

मी म्हटलं, "काका, आई मलाही विसरली आहे. मला बाई म्हणते. मग मी तिची मुलगी होते ती आता राहिले नाही, की कधी नव्हतेच? दोनातलं काय ते तुम्ही दोघं ठरवून मला सांगा."

काकांनी कपात पाहिलं. पाळक म्हणाले, "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"भरातच बोलतेय. तुमच्या देवाला तिचा आजार दिसत नाही का? की विसरणाऱ्यांसाठी त्याच्याकडे काही सोयच नाही?"

"आपला देव म्हणा, ताई," पाळक म्हणाले. त्यांना तेवढंच टोचलं.

मी उठले. चपला घालत होते तेव्हा काका दारापर्यंत आले. मला वाटलं, चुकलं म्हणतील. ते म्हणाले, "रागावू नको बेटा. आनखी एक, पुढच्या महिन्याची भाकर तेवढी पाठवजो."

नाकानं कांदे सोलणाऱ्या माणसांचा मला तसाही तिटकारा आहे. त्यांना आईची भाकर चालत होती, आई चालत नव्हती.

पुढच्या महिन्यात मी शनिवारी मनुका उकळल्या, पोळी भाजली. डबा पाठवला नाही. रविवारी सकाळी काकांचा फोन आला.

"भाकर काऊन नाई आली अजून?"

"तयार आहे. इथे येऊन घ्या. आधी आईला द्या, मग घेऊन जा."

काकांनी फोन ठेवून दिला. नंतर कळलं की बेकरीतून पाव आणून वेळ भागवली. आकाश काही कोसळलं नाही. मी उपासनेला गेले नव्हते, आणि ते भोजन पुन्हा घ्यायचं नाही असंही मनाशी ठरवून टाकलं होतं.

आई मात्र तयार होती. आंघोळ झालेली, डोक्यावर पदर. काल संध्याकाळचं कुंकू धुऊनही कपाळावर थोडं राहिलं होतं. मी ते पुसलं नाही. दुपारपर्यंत मी ते बसणं पाहिलं, मग मला सहन होईना. मी पाळक नाही, भाकर मोडायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. न कापलेली अख्खी पोळी मी स्टीलच्या ताटलीत ठेवली, वाटीत रस ओतला आणि तिच्यापुढं धरला.

तिनं पोळी घेतली, पण तोंडात घातली नाही. माझ्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिली.

"तुले नाई देल्लं?"

"मी घेत नाही आता."

"काऊन? हाकललं का तुले कोनी?"

तिनं दोन्ही हातांनी पोळी मोडली आणि मोठा भाग माझ्यापुढं केला. मी तशीच बसून राहिले तेव्हा ती वाकून माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागली.

"कोनाची पोरगी हायेस वं तू?"

"तुझीच."

"मंग लाजून काऊन राह्यली?" आई म्हणाली. "घे."