कागदाबाहेरचा ठिपका

घरोघर जाऊन रुग्णांची मलमपट्टी करणाऱ्या एका संस्थेच्या कचेरीत ती कामाला होती. नर्स नव्हती, इंजेक्शनची सुई दिसली तरी मान फिरवायची. पण सकाळी कोणत्या सिस्टरने कोणत्या दारात जायचं, हे ज्या कागदावरून ठरायचं तो कागद तिच्या हातचा होता, आणि त्यावर अक्षरं थोडी न् ठिपके फार. म्हणून सगळे तिला ठिपकेबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, त्यामुळे तिला त्याचं वाईट वाटत नसे.

तिच्या आधी कचेरीच्या भिंतीवर गावाचा मोठा नकाशा टांगलेला असे आणि त्यावर टाचण्या. एक टाचणी म्हणजे एक पेशंट. पंखा जोरात लावला की नकाशा फडफडायचा, एखादी टाचणी गळून पडायची आणि झाडणाऱ्या मावशींच्या पायात घुसायची. "हा घ्या तुमचा पेशंट, माझ्या टाचेत राहायला आला होता," म्हणत मावशी टाचणी टेबलावर आणून ठेवायच्या. मग तो पेशंट कोण, हे आठवण्यात निम्मी सकाळ जायची.

ठिपकेबाईने त्या नकाशाचा फोटो काढून संगणकात घातला. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक पेशंटची एक ओळ केली: नाव, दुखणं, आणि घराचे दोन आकडे, पूर्वेकडे किती आणि उत्तरेकडे किती. सिस्टर पहिल्यांदा एखाद्या घरी गेली की दारात उभी राहून फोनवरचे हे आकडे वाचून कळवायची. त्या आकड्यांचा चार्ट काढला की कोऱ्या चौकटीत ठिपके उमटत. चौकटीच्या मागे नकाशाचं चित्र लावलं की काम झालं, असं तिला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी सगळे पेशंट नदीत पडले.

कारण चौकटीच्या कडा कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे संगणक आपल्या मर्जीने ठरवत होता. एखादा लांबचा पेशंट आला की चौकट ताणली जायची, मागचं चित्र मात्र होतं तिथेच, आणि ठिपके सरकून कोणी शाळेच्या मैदानात तर कोणी रेल्वेच्या रुळांवर. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती पाण्याचा तांब्या पिशवीत टाकून निघाली आणि नकाशाचे चारही कोपरे पायी आणि बसने गाठून आली. पाण्याची टाकी, जुना पूल, मालधक्का, वीटभट्ट्या. प्रत्येक ठिकाणी उभं राहून फोनवरचे आकडे टिपले आणि दुसऱ्या दिवशी तेच चौकटीच्या कडांना स्वतःच्या हाताने बांधून टाकले. त्यानंतर संगणकाचं काही चाललं नाही.

सगळं जुळलंय की नाही हे पाहायची तिची एक रीत होती. ती स्वतःच्या घराचे आकडे घालायची. गावाच्या अगदी पश्चिमेला, बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत ठिपका नेमका पडला की समजायचं, ठीक आहे. मग ती ओळ पुसून टाकायची. न पुसून कसं चालेल? उगाच एखादी सिस्टर पट्ट्यांची पेटी घेऊन तिच्या दारात उभी राहायची.

त्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. आई होती तोवर त्या लहान वाटत. आईचं आजारपण तिने एकटीने काढलं, आणि आई गेली तेव्हा लग्नाचं वय, बदलीची संधी, मैत्रिणींचे पत्ते, सगळंच मागे पडलेलं होतं. आईच्या पलंगावर आता ती धुतलेले कपडे घडी करून ठेवायची. कपाट होतं, पण पलंग अगदीच रिकामा बरा दिसत नाही. रविवारी दादाचा फोन यायचा. दादा तब्येत विचारून फोन वहिनीकडे द्यायचा.

"वन्सं, या ना चार दिवस आमच्याकडे," वहिनी म्हणायची. "तुमचे ते ठिपके काय पळून जातायत?"

"पळतात ना. कडा सुटली की पळतात."

"मग येऊच नका. उद्या लोक म्हणतील, वहिनीने पेशंट पळवले."

दोघी हसायच्या. ती जाणार नाही हे दोघींना माहीत असायचं, आणि बोलावणं आहे हेही.

संध्याकाळी घरी आल्यापासून सकाळपर्यंत तिला कोणाशी बोलायचं कारण पडत नसे. त्यामुळे कचेरीतला सकाळचा पहिला फोन करताना तिचा आवाज फुटायचा. सिस्टर येणार आहेत हे पेशंटना फोन करून कळवणं हेही तिचंच काम. म्हणून पहिला फोन ती नेहमी घड्याळवाल्या आजोबांना लावायची. फुटका आवाज त्यांच्यावर खर्च केलेला चालायचा.

आजोबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. आता हात कापत, आणि पायावर एक जखम होती, जी भरत आली असं वाटेपर्यंत पुन्हा तोंड उघडायची. नकाशाच्या पूर्वेच्या टोकाला, वीटभट्ट्यांच्या जरा अलीकडे ते एकटे राहत. तिकडे त्यांचा एकच ठिपका.

"आज तुमचा आवाज मागे पडलाय, बाई," ते म्हणायचे. "जरा किल्ली द्या."

ती खाकरायची. "आता?"

"आता बरोबर चालतोय. बोला."

"आज सिस्टर येतील हं."

"येऊ देत. मी कुठे जातोय?"

एवढंच बोलणं. त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं. खरं तर कोणत्याच पेशंटला पाहिलं नव्हतं. पट्टी एक दिवसाआड असली तरी त्यांना फोन ती रोज करायची, मधल्या दिवशी 'उद्या येतील' एवढंच सांगायला, हे मात्र कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

मध्यंतरी आजोबांना ताप भरला आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. ठिपकेबाईने त्यांच्या ओळीतले आकडे काढून ठेवले. घरी माणूस नसताना सिस्टरला हेलपाटा नको. नेमक्या त्याच दिवसांत साहेबांनी तिला बोलावलं. साहेब म्हणजे संस्था चालवणारे डॉक्टर, स्वभावाने सरळ, पण कायम घाईत.

"हे बघा, बाजारपेठेत ठिपक्यावर ठिपका चढलाय. चष्मा लावूनही उलगडत नाही. आणि इकडे उजवीकडे अर्धा कागद माळरान. हा भाग कापा आणि उरलेला मोठा करा."

म्हणणं खोटं नव्हतं. तिने चित्राची पूर्वेची बाजू कापली, चौकटीची उजवी कडा नव्या आकड्याला बांधली, आणि नेहमीप्रमाणे स्वतःच्या घराचे आकडे घालून पाहिले. ठिपका तिच्या गल्लीत नेमका पडला. ओळ पुसली. छापलेला कागद पाहून सिस्टर खूश झाल्या. बाजारपेठेतली घरं आता सुटी सुटी दिसत होती. मावशीसुद्धा म्हणाल्या, "आता कसं, वरण आणि भात वेगळे झाले."

पुढे आजोबा घरी आले. तिने त्यांचे आकडे ओळीत पुन्हा घातले. चार्टकडे पाहिलं नाही. आकडे घातले की ठिपका येतो, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं.

सकाळचे फोन पुन्हा सुरू झाले. तिची किल्ली, त्यांचं "येऊ देत". असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी ते म्हणाले, "बाई, ती दारातली खुर्ची आता आत घेतो म्हणतो. उन्हाने रंग उडायला लागलाय तिचा."

"कुठली खुर्ची?"

"सिस्टर बसायच्या ना, पट्टी करताना. ती."

"का, परवा नाही का आल्या त्या?"

"दवाखान्यातून आल्यापासून कोणी आलेलं नाही."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

ते म्हणाले, "रोज सकाळी तुम्ही इतक्या खात्रीने सांगायचात, येतील म्हणून. तुम्हाला खोटं कसं पाडू? वाटलं, आपली पाळी संपली असेल. फोन तर येतोय."

फोन ठेवून तिने ओळ पाहिली. नाव होतं, दोन्ही आकडे बरोबर होते. चार्ट उघडला; ठिपका नव्हता. बोट उजवीकडे नेत नेत ती कडेपर्यंत आली आणि तिला कळलं. चौकटीच्या बाहेर गेलेला ठिपका संगणक काढत नाही. त्याबद्दल हूं की चूं करत नाही. आणि सिस्टर कागद पाहून चालतात. कागदावर नाही म्हणजे आजोबा अजून दवाखान्यातच, असं त्या बाजूच्या सिस्टरने धरलं होतं. तिची काय चूक?

सगळ्या सिस्टर आपापल्या वाटेने गेलेल्या होत्या. तिने मोठ्या सिस्टरना फोन लावला. या सगळ्यांत जुन्या, जीभ तिखट, हात हलका.

"घड्याळवाले? ते कुठे आहेत कागदावर?"

"नाहीत. माझ्याकडून कापले गेले."

"तू कापलेस? तू तर पाकिटावरचा पत्ता तीनदा वाचतेस."

"सिस्टर, आत्ता जाल का? पाय कसा असेल कोण जाणे."

"निघते. पण तूही चल. तिकडची वाट मला नीट ठाऊक नाही, आणि तुझ्या कागदावर तर ती आता नाहीच."

तो टोमणा तिने निमूट गिळला. मोठ्या सिस्टरच्या स्कूटरवर मागे बसून, पेटी मांडीवर घट्ट धरून ती निघाली. गाव संपलं, भट्ट्यांची धूळ डोळ्यांत गेली, आणि एका बैठ्या घरासमोर निळी खुर्ची दिसली. एका बाजूचा रंग खरंच उडाला होता.

आजोबा फोनवर वाटायचे त्यापेक्षा बरेच लहान होते. घरात एकही घड्याळ नव्हतं.

"सगळी देऊन टाकली," तिची नजर भिंतीवर गेलेली पाहून ते म्हणाले. "टिकटिक ऐकली की कुठलं मागे आहे ते कळतं. मग झोप लागत नाही."

मोठ्या सिस्टरनी जुनी पट्टी सोडवली. खोलीत वास पसरला. ठिपकेबाईने मान फिरवली नाही. सिस्टर एरवी काम करताना बडबडत; आता ओठ मिटून करत होत्या. धुऊन, औषध भरून, नवी पट्टी बांधून झाल्यावरच त्या बोलल्या.

"पाय राहील. आणखी थोडे दिवस असेच मूग गिळून बसला असतात, तर मी शब्द दिला नसता. आजोबा, तुम्हाला फोन करता येत नाही?"

"येतो की. पण सांगायचं काय? पाय दुखतो म्हणून? तो तर दुखतोच."

त्यांनी हट्टाने चहा केला. ठिपकेबाईला माफी मागायची होती, पण ती कुठून सुरू करावी हे समजेना. तिने पिशवीतून छापलेला कागद काढून टेबलावर पसरला आणि कसं झालं ते सांगितलं. आजोबा भिंग घेऊन वाकले. यंत्र कुठे अडलं हे ऐकताना त्यांचे डोळे उजळले होते.

"मग मी कुठे आहे यात?"

ती कागदाच्या उजव्या कडेवरून बोट पुढे सरकवत गेली. कागद संपला, टेबल सुरू झालं, आणि बोट जिथे थांबलं तिथे त्यांची बशी होती.

"म्हणजे मी बशीत," आजोबा म्हणाले. "तरीच म्हटलं, ओल कुठून लागतेय."

मोठ्या सिस्टर हसल्या. ठिपकेबाईला हसू आलं नाही, आणि ते आजोबांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन साहेबांसमोर उभी राहिली आणि झालं ते सांगितलं. साहेब रागावले नाहीत. पण म्हणाले, "एका माणसासाठी सगळ्यांचा नकाशा पुन्हा बारीक करायचा? कागदाखाली त्यांचं नाव लिहा. नाहीतर असं करू, तिकडच्या एखाद्या दवाखान्याला सोपवू त्यांना. तसेही लांबच पडतात."

"खाली लिहिलेलं कोणी वाचत नाही, साहेब. मी स्वतः आकडे घातले आणि ठिपका पाहिला नाही. ठिपका असेल तरच माणूस जातो."

"आणि बाजारपेठ?"

"बाजारपेठ आहे एवढीच मोठी ठेवते. कागद दोन करते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "करून बघा. सिस्टर कुरकुरल्या तर मात्र मी ऐकणार नाही."

तिने मूळचं चित्र परत आणलं, कडा पुन्हा वीटभट्ट्यांपर्यंत नेऊन बांधली आणि नकाशा दोन कागदांवर छापला जाईल असा बेत केला. तपासण्यासाठी स्वतःच्या घराचे आकडे घातले. पडद्यावर अगदी डावीकडे तिचा ठिपका आला आणि अगदी उजवीकडे आजोबांचा. मधे सगळं गाव, एकमेकांना खेटून. ती जरा वेळ तशीच पाहत बसली. मग नेहमीसारखी आपली ओळ पुसली, ओळी आणि ठिपके जुळतात का ते पेन्सिलीने एकेक मोजून पाहिलं, आणि कागद छापून चिकटपट्टीने जोडले.

सिस्टर कुरकुरल्याच. उजवा कागद जवळजवळ कोरा, घडी घालायला अवघड, वाऱ्यावर फडफडणारा. "हा ठिपका म्हणजे वाळवंटातला उंट," एक म्हणाली. "तरी पाणी पाजायला जायचंच," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि कुरकुर तिथेच थांबली. एक दिवसाआड कोणीतरी त्या निळ्या खुर्चीवर बसू लागलं.

सकाळी पहिला फोन अजूनही तिकडेच जातो.

"किल्ली द्या, बाई."

ती खाकरते. "आज सिस्टर येतील."

"ठिपका आहे ना माझा?"

"आहे. आत्ताच पाहिला."

"बशीत नाही ना?"

"नाही. कागदावर."

एकदा त्यांनी विचारलं, "आणि तुमचा कुठे असतो हो?"

"आमचा नसतो. तो तपासण्यापुरता घालतात, मग पुसतात."

तिच्या हातात पुढच्या पेशंटचा नंबर होता, आणि तरी दोघांपैकी कोणीच थोडा वेळ फोन ठेवला नाही.