धर्माचा रकाना

गिरण्यांचा संप मोडला होता, पण परळमध्ये तसं कुणी तोंडाने म्हणत नव्हतं. त्या सुमारास आम्हा पालिकेच्या शाळांतल्या शिक्षकांना गिरणी भागातल्या चाळींच्या पाहणीला जुंपलं. घरात माणसं किती, उत्पन्न किती, धर्म कुठला, जात कुठली. मला त्या कामाचा संताप होता आणि तो मी लोकांवर काढत होते. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

त्या खोलीत तिघं होती. बाप गिरणीत सूतकताईच्या खात्यात होता, आता घरी बसलेला. आई शिवाजी पार्कच्या फ्लॅटांत धुणीभांडी करायची. मुलगा रेल्वेच्या भरतीत लेखी परीक्षा पास झाला होता, मेडिकल तेवढं बाकी होतं. धाकटी भावंडं गावी धाडलेली, म्हणून माणसं तीनच लिहिली.

उत्पन्न विचारलं तर बापाने गिरणीतला पगार सांगितला.

"तो नको, आजचं सांगा," मी म्हणाले.

तो बायकोकडे बघत राहिला. आकडा तिने सांगितला, मान खाली घालून. तिथे मी थांबायला हवं होतं, निदान प्यायला पाणी तरी मागायचं. मी सरळ पुढचा रकाना घेतला. धर्म?

"बौद्ध," बाप म्हणाला.

"बाई, हिंदू लिहा," मुलगा म्हणाला. "दाखल्यावर तसंच आहे. बौद्ध म्हटलं की सेंट्रल गव्हर्मेंटची सवलत जाते. रेल्वेत कळलं तर संपलंच माझं."

हा कागद रेल्वेत जाणार नव्हता, हे मला माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण दोघं माझ्या पेनाकडे असे डोळे लावून बसले होते की, खरं सांगते, मला बरं वाटलं. मी गप्प बसले.

बाप उठला. "मला साच्यावर, विणायला, कधी घेतलं नाही. का ते ठाऊक आहे तुला? धोट्यातलं सूत तोंडाने ओढायला लागायचं. माझं तोंड लागलेलं सूत बाकीच्यांना चालत नव्हतं. ते सगळं टाकून आलो मी, आणि तू मला परत तिथंच नेऊन बसवतोस?"

"तुमची गिरणी गेली, बाबा. आता माझी नोकरी पण घालवा."

थप्पड कानाखाली बसली. मुलगा दारावर आदळला, उठला आणि त्याने बापाची गचांडी धरून त्याला मोरीच्या कठड्यावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. आई मध्ये पडली, तर कुणाचं तरी कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि ती रक्त थुंकत खाली बसली. ते दोघांनीही पाहिलं नाही. बाप त्याच कानावर मारत सुटला होता. शेजाऱ्यांनी त्यांना ओढून वेगळं केलं तेव्हा मुलाच्या कानातून रक्ताचा ओघळ मानेवर उतरला होता. मी बाहेर गॅलरीत कागद छातीशी धरून उभी होते, आणि तेवढ्यातही ते चुरगळू नयेत म्हणून जपत होते. त्याची मला अजून लाज वाटते.

दोन महिन्यांनी ती आई मला दादरच्या भाजीबाजारात दिसली. पुढचा एक दात नव्हता. मुलाला मेडिकलमध्ये काढलं, म्हणाली. कानाचा पडदा फाटला होता. आता तो माहीमला एका गोदामात हमाली करतो. बापलेक एका खोलीत राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

"बाई, शेवटी लिहिलंत काय?" तिने विचारलं.

तो रकाना मी कोराच ठेवला होता. आणि भरलेले सगळे कागद आमच्या शाळेच्या जिन्याखाली पोत्यात पडून होते. न्यायला कुणी आलंच नव्हतं.

"बौद्ध," मी म्हणाले.

तिने मान हलवली.

"ह्यांना सांगते," ती म्हणाली. "पोराला नको."