उंबरठ्याच्या आतला बूट

“मॅडम, हड्डी जुडी नहीं,” डॉक्टर म्हणाले आणि एक्स-रे उजेडासमोर धरून त्यांनी मला एक बारीक काळी फट दाखवली. आदिलाबादच्या त्या दवाखान्यात त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले होते. आज ऑपरेशनचा बूट सुटणार आणि उद्यापासून साध्या सँडल, असं मी धरूनच चालले होते. पेढ्यांचा डबा पिशवीतच राहिला.

आधीचं थोडक्यात सांगते. माझ्या उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढत चालला होता आणि मुळाशी हाड बाहेर आलं होतं. याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात, म्हणजे अंगठा बोटांकडे कलणं. मी बाजारहत्नूरजवळच्या एका खेड्यात मराठी शाळेवर शिकवते. दिवसभर फळ्यापाशी उभी. सँडलचा पट्टा घासून तिथं जखम व्हायला लागली, तेव्हा ऑपरेशनला तयार झाले. त्याचं नाव ऑस्टिओटॉमी. हाड कापायचं, सरळ करायचं आणि स्क्रूने जोडायचं.

टाके निघाल्यावरही टाचेवर भार देऊन चालायचं होतं आणि पायात एक कडक तळाचा, पट्ट्यांचा बूट घालायचा होता. तो इतका बेढब होता, की शाळेतली पोरं बघतील या विचारानेच मला कसंतरी व्हायचं. तरी मी तो घातला. बसस्टँडवर घातला, दवाखान्यात घातला, रजेचा अर्ज द्यायला शाळेत गेले तेव्हाही घातला.

म्हणून “बूट हमेशा पहनते थे ना?” असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मला थोडा रागच आला. मी हो म्हणाले. त्यांनी माझा पाय वर उचलून तळवा पाहिला. अंगठ्याखालची कातडी निबर आणि मळकट झाली होती.

“घर में?”

“घर में कौन पहनता है, सर?” मी हसून म्हणाले.

ते हसले नाहीत. याला डिलेड युनियन म्हणतात, ते म्हणाले, म्हणजे हाड जुळायला उशीर होणं. पलंगावरून पाय खाली ठेवला की बूट हवा. पुढच्या एक्स-रेपर्यंत फट भरली नाही, तर पुन्हा ऑपरेशन, आणि कमरेचं थोडं हाड काढून तिथं भरावं लागेल. मग मला दिवसभर उभं राहता येईल का, यावर त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी नुसती हिशेब लावत बसले. खोलीतून स्वयंपाकघर, तिथून न्हाणी, न्हाणीतून मागचं अंगण. माझं सगळं चालणं घरातच होतं आणि ते सगळं अनवाणी होतं. डॉक्टरांना ते सांगावंसं वाटलं नाही आणि मला विचारावंसं वाटलं नाही. दाराशी चपला काढणं हे आम्ही काही ठरवून थोडंच करतो?

घरी दुसरा पेच होता. आमच्या पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आहे. सासूबाई तिथं रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून वंदना म्हणतात. जन्मभर दुसऱ्याच्या कापसात राबलेली ही बाई दाराबाहेरच्या चपलासुद्धा ओळीत लावून ठेवते. माझ्या खोलीतून कुठंही जायचं तर त्या मूर्तीसमोरूनच.

“घरात? बुद्धासमोरून?” डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं तेव्हा एवढंच त्या म्हणाल्या.

मी बूट घालून निघाले तर त्यांनी मान वळवली. मी परत फिरले, बूट काढला आणि पलंगावर बसून रडले. रागाने रडले. पायाचा राग, डॉक्टरांचा राग, सासूबाईंचा आणि माझाही.

दुसऱ्या दिवशी मी एक शहाणपणा केला. बूट हातात घेऊन भिंतीच्या आधाराने पुढची खोली ओलांडायची आणि स्वयंपाकघरात जाऊन तो घालायचा. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मला तसं जाताना पाहिलं.

“बूट हातात अन् पाय भुईवर. काऊन असं करून राह्यली?”

“तुमाले नाई चालत म्हणून, आई.”

त्यांनी हातातली भाजी ठेवली.

“पायाले पट्टी व्हती तवा बुद्धासमोरून गेलीच ना तू? का पट्टी सोडून बाहेर ठेवली व्हती?”

“नाई.”

“मंग हे बी पट्टीच हाये. आण इकडं.”

त्यांनी बुटाचा तळ न्हाणीत साबण लावून घासला, पुसला आणि मूर्तीसमोरच खाली बसून माझ्या पायात चढवला. सासू आपल्या पायाशी बसलेली पाहून मी संकोचाने पाय ओढून घ्यायला लागले, तर त्यांनी घोटा घट्ट धरून ठेवला.

पुढचे आठवडे वाईट गेले. अंगठा बधिर होता. आत काही होतंय की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी जरा पलंगावरून सरकले की बाहेरून आवाज यायचा, “बूट?” कधी मायेने, पुष्कळदा वैतागून.

पुढच्या एक्स-रेत फट धुरकट झाली होती, म्हणजे हाड भरायला लागलं होतं. त्यानंतरच्या वेळी डॉक्टर म्हणाले, “अब नॉर्मल जूता.”

नॉर्मल म्हणजे काय, ते दुकानात कळलं. जुन्या सँडलमध्ये पाय शिरेना. शेवटी पुरुषांच्या फळीवरचे रुंद कापडी बूट घेतले. पहिल्या दिवशी शाळेच्या रस्त्यावर मी पायाच्या बाहेरच्या कडेवरच चालत होते, आता आत काहीतरी मोडेल म्हणून. संध्याकाळी पाय सुजून आला. अजूनही येतो. ज्यांचं असं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांनी या सुजेला घाबरू नये, पण डॉक्टरांना सगळं विचारून घ्यावं. घरात काय, न्हाणीत काय, मूर्तीसमोर काय, हेसुद्धा. विचारायला वेडेपणाचं वाटलं तरी.

तो बेढब बूट टाकून द्यायला मी बाहेर काढला होता. सासूबाईंनी तो पुन्हा घासला, उन्हात वाळवला आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

“ठेव कपाटात. कोनाले लागन तं देजो,” त्या म्हणाल्या. “पन देतानी सांगजो, घरात बी घालाचा.”