किक्यो रंगाचं कापड

महाद्वार रोडवरच्या मॅचिंग सेंटरमधला तो माणूस ट्यूबलाइटखाली रंग बघतच नाही. गिऱ्हाइकाची साडी घेऊन पायरीवर उन्हात जातो आणि तिथूनच ओरडतो, "ह्यो आमसुली न्हाय, वांगी हाय की!" त्याला चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

मी जपानी शिकवते. तिकडच्या जुन्या रंगांचा तक्ता दहा वर्षं माझ्या वर्गाच्या खिडकीशी टांगलेला आहे. मुलांना कापडाचे तुकडे दाखवावेत म्हणून तो घेऊनच दुकानात गेले. 'किक्यो' या फुलाच्या नावाच्या चौकोनावर बोट ठेवलं. "हा राखाडी द्या."

तो तक्ता घेऊन उन्हात गेला आणि आठ्या घालून परत आला. "मॅडम, ह्यो रंगच न्हाय. उन्हानं मेलाय."

"अहो, दहा वर्षं हाच शिकवतेय मी!"

तक्ता नवा असताना मी त्या चौकोनावर देवनागरीत 'किक्यो' एवढंच लिहून चिठ्ठी चिकटवली होती. त्यानं न विचारता ती नखानं टर्रकन उपटली. मी किंचाळलेच. चिठ्ठीखाली गडद जांभळा रंग होता, कालच छापल्यासारखा.

 काउंटरवर चार बायका आमच्याकडे बघत होत्या.

"जांभळा हाय," तो म्हणाला. एरवी रस्त्यापलीकडं जाणारा त्याचा आवाज फक्त मला ऐकू आला.