मोमिनाबादच्या छावणीतला दगड

जर्मनची लढाई संपून वर्ष लोटलं, तरी माझ्या धाकट्या बहिणीचे, गोदाचे, नवरे सखाराम, रिसाल्यातले घोडेसवार, बसऱ्याकडून परतले नव्हते. सरकारकडून कागद नाही, खबर नाही. अशात मोमिनाबादच्या छावणीत मेलेल्यांच्या नावांचा दगड बसवल्याचं कळलं. गोदाचे सासरे म्हणाले, "नाव असंल तर पोरीनं कुकू पुसावं. नसंल तर वाट बघावी." वाचायला मी, तहसिलीत उर्दू-इंग्रजी कागद वाचण्यातच उमर चाललीय. गोदा हट्टानं बरोबर निघाली.

पाटोद्याहून मांजरसुंब्यापर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते धोंडे. कुणी जाणार असाल तर गाडीत कडबा जाड अंथरा, नाहीतर कंबरेचा पार खुळखुळा होतो. मुक्काम नांदूरघाटच्या मारुतीच्या देवळात केला. फुकट जागा, गोड पाणी. गोदानं भाकरीला हातही लावला नाही.

"ताई, खावा की," गाडीवान म्हणाला.

"घशाखाली उतरंना, भाऊ."

छावणीच्या कब्रस्तानात लिंबाची गार सावली आहे. जुन्या गोऱ्या शिपायांच्या कबरी वाचत गेलो. विशी-बाविशीची पोरं हो! आईबाप सात समुद्रापलीकडं.

नवा दगड फाटकापाशीच होता. गोदानं माझी बाही धरली. "दादा, वाच. लपवू नगंस."

वाचलं. वर साहेबांची नावं, ऐसपैस. खाली एकच ओळ: 'आणि इतर सवार'. दोनदा वाचलं. संताप आला, दगडालाच लाथ घालावी वाटलं.

"न्हाई नाव," मी म्हणालो.

गोदा मटकन बसली आणि हसत हसत रडली. परतीच्या वाटेवर ती पोटभर जेवली, गाडीवानाची थट्टासुद्धा केली. मला मात्र ती ओळ सोडत नव्हती.

पाटोद्यात सासरे ओट्यावर वाट बघत होते. मी सगळं सांगितलं, ती 'इतर सवार'ची ओळसुद्धा. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"एवढ्या लांब जाऊन लढला, अन् माझ्या लेकराचं नाव बी न्हाई?" ते लहान पोरासारखे रडायला लागले.

गोदा त्यांच्यापाशी जाऊन बसली. मग म्हणाली, "मामंजी, आपल्या शिवंवर आपुनच दगड उभा करू. नाव दादा लिवंल."

गावचा रिवाज सरळ आहे: नवऱ्याचा दगड उभा राहिला की बाईचं कुंकू गेलं. सासरे दचकले. "नगं पोरी! मंग तू वाट कशी बघशील?"

"कुकवाबिगर बी बघंन की," गोदा म्हणाली.